एका स्वतंत्र माहितीपटकाराची पन्नास वर्षे

आमच्या लहानपणी पुण्यास सिनेमा पाहावयास गेलो, की मूळ खेळाच्या आधी एक सरकारी रीळ दाखवीत असत. त्यात कोठे धरणाचे उद्घाटन होई, कोठे पूर आलेला असे व मंत्री विमानातून पाहणी करीत, कोठे गव्हाच्या शेतात हसतमुख शेतकरी उभा असे; आणि या सर्वांवर पडद्यामागचा एक भारदस्त आवाज देश किती पुढे चालला आहे ते सांगत राही. प्रेक्षक तेवढ्यात बाहेर जाऊन विडी ओढून येत. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची ही रिळे दाखविणे थिएटरवाल्यांच्या परवान्यातच घातलेले होते, व त्यांचे भाडेही त्यांनाच भरावे लागे. त्या संस्थेत चांगले कलावंत नव्हते असे नव्हे. होते, आणि काही उत्तम कामही त्यांच्या हातून झाले. परंतु दाखविणारा सक्तीने दाखवितो आणि पाहणारा सक्तीने पाहतो, अशा ठिकाणी खरे बोलणे अवघड असते. २०२२ मध्ये ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तरी ‘माहितीपट’ किंवा जुन्या भाषेत ‘अनुबोधपट’ म्हटले, की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अजून तेच रीळ उभे राहते.

आज आम्हांला सांगावयाचे आहे ते दुसऱ्या जातीच्या माहितीपटाविषयी व तो करणाऱ्या एका माणसाविषयी. श्री. आनंद पटवर्धन यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल; त्यांची चित्रे पाहिलेले थोडे असतील. हे असे का होते, हाच आमचा विषय आहे. आम्ही चित्रपटकलेचे जाणकार नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले, आणि पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर झाले. परंतु तीस वर्षे आम्ही पिरंगुटच्या कारखान्यांतून वर्गणीच्या पावत्या फाडीत आलो आहोत. संघटना कोणाची, हे तिच्या घटनेत पाहावयाचे नसते. ते तिच्या पावतीपुस्तकात पाहावयाचे असते. ‘स्वतंत्र’ हा शब्द पाहिला की आम्ही लगेच विचारतो: पैसा कोणाचा?

मराठी माणसाचा आणि माहितीपटाचा संबंध जुना आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचेही केले. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि ते चित्र भांडवल मिळावे म्हणून धनिकांना दाखविले. म्हणजे आरंभापासूनच चित्र आधी आणि पैशाची विवंचना लगेच त्याच्या मागे, अशी परंपरा आहे.

पटवर्धनांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. घराणे नगरचे आणि राजकारणातले: रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. आई निर्मलाताई सिंधमधील हैदराबादच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या, मातीची भांडी घडविणाऱ्या नामांकित कलावंत. मुलाने मुंबईला इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली व तो शिष्यवृत्तीवर अमेरिकेत समाजशास्त्र शिकावयास गेला. तेथे व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत तो पडला, आणि त्यानंतर सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक म्हणून राबला.

येथे आम्ही थोडे थांबतो, कारण हे आमच्या धंद्यातले आहे. चावेझ यांनी कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप १९६५ साली हाती घेतला. शेतमजुराची संघटना बांधणे हे काम किती कठीण असते ते ज्याने केले आहे त्यासच ठाऊक: मजूर आज येथे तर उद्या तेथे, मुकादम मालकाचा, आणि संपात पोटाला काही नाही. चावेझ यांनी गिऱ्हाइकाला हाक दिली. सबंध अमेरिकेत गृहिणींनी द्राक्षे घेणे सोडले, आणि १९७० साली मळेवाल्यांना करार करावा लागला. गोष्ट सांगितल्यावाचून हे घडत नाही. दूरच्या शहरातील बाईला मळ्यातल्या मजुराची हकीकत कोणीतरी पोचवावी लागते. पटवर्धन तेथे कॅमेरा घेऊन गेले नव्हते, साधे कार्यकर्ते म्हणून गेले होते. परंतु त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहता ही शाळा त्यांना चित्रपटाच्या कोणत्याही विद्यालयाहून अधिक उपयोगी पडली असावी असे आम्हांस वाटते.

परत आल्यावर दोन वर्षे मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षणाच्या संस्थेत काम केले, आणि तेथून ते जयप्रकाशांच्या चळवळीसाठी बिहारमध्ये गेले. १९७४ साली पाटण्यास मोठा मोर्चा निघावयाचा होता. पोलीस लाठ्या चालवणार हे उघड होते, आणि त्याची चित्रे घेण्याचे काम यांच्याकडे आले. उसने कॅमेरे आणले, जुनी, मुदत टळलेली फीत मिळविली. काही भाग आठ मिलिमीटरच्या छोट्या फितीवर घेतला, तो पडद्यावर टाकला, आणि पडद्यावरचे चित्र पुन्हा सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपले. त्यामुळे चित्र धूसर झाले, धान्यासारखे कणकण दिसू लागले. पण चित्र झाले. त्याचे नाव ‘क्रांति की तरंगें’. ते पुरे होते न होते तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मग रिळाचे तुकडे करून ते निरनिराळ्या हातांनी परदेशी धाडण्यात आले व तेथे पुन्हा जोडण्यात आले. स्वतः पटवर्धन कॅनडात शिकावयास गेले आणि ते चित्र तेथल्या लोकांना दाखवीत हिंडले. आणीबाणी उठल्यावर १९७८ साली राजकीय कैद्यांवरचे ‘जमीर के बंदी’ हे चित्र आले. त्यात केवळ आणीबाणीतले कैदी नाहीत. आणीबाणीच्या आधीपासून तुरुंगात असलेलेही आहेत. सत्ता बदलली म्हणून यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही, एवढे येथे लक्षात घ्यावे.

कॅनडातच जिम मन्रो यांच्या समवेत त्यांनी ‘ए टाइम टु राइज’ (१९८१) केले. ब्रिटिश कोलंबियातील शेतांवर पंजाबी व चिनी मजूर, त्यांत म्हाताऱ्या आज्याही, तोडलेल्या फळांच्या वजनावर मजुरी घेत होते. मधल्या ठेकेदाराचा हिस्सा निराळा. १९८० साली त्यांनी आपली युनियन उभी केली, तिची ही कहाणी. आमच्या सभासदांना हे चित्र दाखविले तेव्हा ठेकेदाराचे गणित त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

आता पैशाचे पाहू. फीत होती त्या काळात सोळा मिलिमीटरचे चारशे फुटांचे रीळ कॅमेऱ्यात अकरा मिनिटे चाले, शंभर फुटांचे तीन मिनिटेही पुरत नसे. आवाज वेगळ्या यंत्रावर फितीत भरावयाचा आणि मागाहून चित्राशी जुळवावयाचा; लाकडी पाटीचा ‘टाक्’ असा आवाज करतात तो या जुळवणीसाठी. घेतलेले सारेच कामास येत नाही. कित्येक तासांतून एक तास निघतो. शिवाय धुलाई, प्रती, संकलन. हा खर्च ज्याच्याकडून घ्याल त्याची कात्री चित्रावर चालते. पटवर्धनांनी यावर काढलेला तोडगा अगदी साधा आहे: माणसे कमी, गरजा कमी, घाई नाही. कॅमेरा बहुधा स्वतः धरावयाचा, संकलन स्वतः करावयाचे. आधीच्या चित्राच्या प्रती विकून, बाहेरच्या दूरचित्रवाणीने काही घेतले तर त्या पैशात पुढचे चित्र काढावयाचे. पैसा संपला की थांबावयाचे. म्हणून त्यांची चित्रे दोन-तीन महिन्यांत होत नाहीत. एकेकास वर्षे लागतात. पुढे व्हिडिओ आला, मग त्याहून स्वस्त व हलके कॅमेरे आले, तेव्हा हा भार बराच उतरला. पण तोवर त्यांचा अर्धा रस्ता चालून झाला होता.

१९८५ चे ‘हमारा शहर’ हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरचे चित्र. पदपथावरच्या रहिवाशांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता तो हाच काळ. झोपडी पाडावयास महापालिकेची माणसे येतात, पत्रे वाकतात, भांडी रस्त्यावर येतात. आणि दुसरीकडे सुखवस्तू लोक गार खोलीत बसून शहर स्वच्छ कसे होईल याची चर्चा करीत असतात. त्या खोल्या आणि ते पदपथ बांधले कोणी, हा प्रश्न चित्रात कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो आपोआप पडतो. या चित्रात एक प्रसंग आहे. एक गरीब बाई चित्रकर्त्यालाच फैलावर घेते. आमची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हांला त्याचा काय उपयोग, असा तिचा रोख. दुसऱ्या कोणीही हा भाग कापून टाकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. गेटवरच्या सभेत एखादा कामगार उठून ‘युनियनने आमच्यासाठी काय केले?’ असे विचारतो, तेव्हा त्याला बोलू द्यावयाचे की खाली बसवावयाचे यावरून पुढाऱ्याची पारख होते. या चित्राला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पण बाईचा प्रश्न पारितोषिकाने सुटत नाही, हे ओळखून पटवर्धन १९८६ साली उठविलेल्या झोपडीवासीयांच्या बाजूने शबाना आझमी यांच्यासह उपोषणाला बसले.

याच चित्राच्या आरंभी विलास घोगरे या शाहिराचा आवाज आहे. हे नाव ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

चित्र झाले, पारितोषिक मिळाले, म्हणजे लोकांनी पाहिले असे नव्हे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर खेळाला प्रमाणपत्र लागते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या ‘चार शहर एक कहानी’ या छोट्या चित्रासाठी या पूर्वतपासणीलाच आव्हान दिले होते. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने तपासणी कायम ठेवली. थिएटरवाले माहितीपट लावीत नाहीत. राहिली दूरदर्शन. ती जनतेच्या पैशावर चाललेली, गावोगाव पोचणारी. पटवर्धनांनी धरलेला मुद्दा असा, की सरकारनेच ज्या चित्राला उत्तम म्हणून पारितोषिक दिले ते सरकारच्याच दूरदर्शनने दाखवू नये, याचे कारण काय? याचे उत्तर मिळेना, म्हणून ते न्यायालयात गेले. एकदा नव्हे, पुनःपुन्हा.

अयोध्येच्या वादावरचे ‘राम के नाम’ १९९२ चे. बाबरी मशीद पडण्यापूर्वी चित्रित झालेले. त्यात तेथल्या मंदिराचे न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास शांतपणे बोलतात, आणि १९९३ साली त्यांचा खून झाला. या चित्राला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. दूरदर्शनवर ते दिसले १९९७ साली, तेही न्यायालयाच्या आदेशाने. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हे १९९५ चे. त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात २५ ऑगस्ट २००६ रोजी लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की चित्रातला एखादा तुकडा उचलून पाहू नये. सबंध चित्र सामान्य समजुतीच्या, निरोगी मनाच्या माणसाला कसे वाटेल ते पाहावे. दूरदर्शनने ते दाखवावे. अकरा वर्षे गेली! अणुचाचण्यांनंतर काढलेल्या ‘जंग और अमन’ला २००२ साली एकवीस ठिकाणी कात्री लावण्यास सांगण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली एकही तुकडा न कापता ते मोकळे केले, आणि पुढे त्यालाही राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. कामगार न्यायालयाच्या पायऱ्या आम्ही पुष्कळ झिजवल्या आहेत. खटला जिंकेपर्यंत कामगार निवृत्त होतो हा आमचा अनुभव, तेव्हा या तारखांचे आम्हांस नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की हा माणूस एका हाताने खटला लढवीत असता दुसऱ्या हाताने पुढचे चित्र काढीत होता.

२००४ सालच्या मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवासाठी तर भारतीय चित्रांना तपासणीचे प्रमाणपत्र हवे असा नियम निघाला, परदेशी चित्रांना मात्र नाही. तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकवटले आणि त्यांनी ‘विकल्प’ नावाने आपला निराळा महोत्सव भरविला. तो भरला प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात, म्हणजे कामगार चळवळीच्या ओळखीच्या जागेत. एकट्याने झगडणाऱ्यांची ही एक प्रकारची युनियनच झाली.

आता आमच्या मुळशीकडे येतो. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, येथे सत्याग्रह सुरू झाला. नीला आणि मुळा या नद्यांवर टाटांच्या वीज कंपनीचे धरण होणार होते. १८९४ च्या कायद्याने सरकारने मावळ्यांच्या जमिनी कंपनीसाठी घेतल्या. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे पुढारी तुरुंगात गेले, बायका कामावर आडव्या झाल्या. धरण झाले ते झालेच. भिऱ्याला वीजघर उभे राहिले, वीज मुंबईला गेली आणि तेथल्या गिरण्या तिच्यावर चालल्या. ज्यांची खाचरे बुडाली त्यांतले कित्येक पोटासाठी त्याच मुंबईत गेले. आमचे वडीलही लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते.

म्हणून ‘ए नर्मदा डायरी’ (१९९५) हे चित्र मुळशीकराला परके वाटत नाही. पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी ते मिळून केले. सरदार सरोवरात पहिल्याने बुडणाऱ्या मणिबेलीसारख्या गावांचे हे चित्र: अधिकारी येतात, कागद दाखवितात, लोक म्हणतात आम्ही हलणार नाही, आणि त्यातच त्यांचा होळीचा नाच चालतो. पाणी घरात येईतो माणूस घर का सोडीत नाही, हे पुस्तक वाचून कळत नाही. चेहरा पाहिला म्हणजे कळते. राजेंद्र व्होरांनी मुळशीच्या लढ्याचा इतिहास परिश्रमाने लिहिला म्हणून तो वाचता तरी येतो. पण आमच्या पणज्या धरणाच्या कामावर आडव्या झाल्या तेव्हाचा त्यांचा आवाज ऐकू येईल असे पुस्तकात काय असणार? मणिबेलीच्या बायकांचा आवाज राहिला आहे.

गिरण्यांचेही तसेच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप मिटलाच नाही, विरून गेला. वडील गावी परतले. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि गिरणी चालविण्यापेक्षा बंद ठेवणे मालकांना फायद्याचे झाले. चार वर्षांच्या टाळेबंदीनंतर न्यू ग्रेट ईस्टर्न गिरणीत कामगार जबरीने आत शिरले, त्याचे वीस-बावीस मिनिटांचे चित्र म्हणजे ‘ऑक्युपेशन: मिलवर्कर’ (१९९६). इंग्रजी नावात श्लेष आहे. त्या शब्दाचा एक अर्थ धंदा, दुसरा अर्थ ताबा. मुळशीच्या विजेवर पोसलेल्या गिरणगावाचा शेवट पाहावयाचा असेल तर या वीस मिनिटांत तो दिसतो.

सर्वांत मोठे काम मात्र ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे ठार झाली. ते पाहून काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर, लाल झेंड्याखाली गाणारे. पण मरताना त्यांनी डोक्याला निळे फडके बांधले होते. असे का केले, या एका प्रश्नाच्या मागे पटवर्धन चौदा वर्षे चालत राहिले. २०११ साली तीन तासांहून मोठे चित्र झाले. त्यात वस्त्या आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, प्रचारसभा आहेत, आणि सर्वांत अधिक गाणी आहेत. पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मंडळी, शीतल साठे यांचा तो खणखणीत आवाज, हे सारे त्यात आले.

हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांनाही चुकविता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याची मजुरी चांगली. तेथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे उघड मांडले. लाल झेंड्याच्या मागण्यांची यादी लांबलचक, पण त्यात ही मागणी मागे राहिली होती. आमचे वडील ज्या खात्यात होते त्याच खात्याची ही गोष्ट. घोगऱ्यांच्या निळ्या फडक्याचा अर्थ शोधू जाल तर धागा येथवर येतो. या चित्राचा जाहीर खेळ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत झाला. ज्यांचे चित्र त्यांच्याच अंगणात.

पुढे २०१३ ते २०१७ या काळात डॉ. नरेंद्र दाभोलकर, कॉ. गोविंद पानसरे, प्रा. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांचे खून झाले. त्यावरचे ‘विवेक’ २०१८ साली पुरे झाले. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि २०१९ साली केरळातल्या महोत्सवात दाखविण्यासाठी पुन्हा उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. त्यानंतरचे २०२३ चे ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे मात्र घरातले चित्र आहे: म्हातारे आईवडील, काकांच्या आठवणी, स्वातंत्र्यलढा आणि फाळणी. सत्तरी ओलांडलेल्या मुलाने आईवडिलांकडे पाहिले आहे. आमच्या मते हे त्यांचे सर्वांत हळुवार काम.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, की तुम्ही तर भाटगिरी चालविली. तेव्हा दोन आक्षेप आम्हीच सांगतो. एक म्हणजे चित्रे लांब आहेत. आठ तासांची पाळी करून आलेल्या माणसाने चार तासांचे चित्र पाहावे ही अपेक्षा जरा जादाच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. असे स्वातंत्र्य पेलावयास पाठीशी काहीतरी लागते: मुंबईचे घर, इंग्रजी शिक्षण, ओळखीचे वकील. कॅमेऱ्यापुढे गाणाऱ्याजवळ ते नसते. कबीर कला मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाचे आरोप आले, २०१३ साली शीतल साठे व सचिन माळी पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि सचिन माळी यांची सुटका व्हायला २०१७ उजाडले. गाणे चित्रित करणाऱ्यावर खटले होतात ते चित्र दाखविण्यासाठी. गाणाऱ्यावर होतो तो तुरुंगात घालण्यासाठी. पटवर्धनांनी या कलावंतांच्या बचावासाठी समिती उभारण्यात पुढाकार घेतला, म्हणजे हा फरक त्यांस ठाऊक आहे. पण फरक आहे तो आहेच. गिरणी कामगाराचा किंवा कंत्राटी मजुराचा मुलगा असा माहितीपटकार होऊन पन्नास वर्षे टिकेल, तेव्हा आम्ही म्हणू की दार उघडले. आज हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, फितीचा खर्च नाही. तरीही ते टिकणे सोपे झालेले नाही, कारण पोट फोनवर भरत नाही.

आणि दाखविण्याचा प्रश्न तर जिथल्या तिथेच आहे. ही चित्रे आता पुष्कळशी घरबसल्या पाहता येतात. परंतु एकट्याने पाहणे निराळे व शंभर जणांत पाहणे निराळे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना पुस्तके मिळत नव्हती म्हणून नव्हे. ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी वाद घालता यावा म्हणून. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या भागात ‘ऑक्युपेशन: मिलवर्कर’ दाखवावयाचे ठरविले. एका सभागृहाचे भाडे आगाऊ भरले. आदल्या दिवशी चालक म्हणाले, रंगकाम निघाले आहे. दुसऱ्या सभागृहाच्या चालकांनी विषय विचारला आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो गावाला गेल्याचे सांगितले. कोणी नाही म्हणाले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तपासणी मंडळ, दूरदर्शन, न्यायालय हे सारे पार करून आलेले चित्र शेवटी किल्लीपाशी अडते.

अखेर एका सभासदाच्या अर्धवट बांधलेल्या घराच्या गच्चीवर चादर ताणली. लग्नाच्या मंडपवाल्याने कर्णा दिला. साठ-सत्तर माणसे जमली. त्यांत गिरणीतून परतलेले चार म्हातारे होते. चित्र वीस मिनिटांत संपले आणि बोलणे अकरा वाजेपर्यंत चालले. एका कंत्राटी पोराने विचारले, की हे लोक आत शिरले ते ठीक, पण आत शिरल्यावर यंत्र चालवता येणारे किती उरले होते? म्हाताऱ्यांपैकी एकाने बोटावर मोजून, खातेवार, उत्तर दिले: कोणत्या खात्यात किती माणसे लागतात, बदलीवाले किती, जॉबर किती. त्या पोराने ते फोनमध्ये टिपून घेतले. मग पावतीपुस्तक फिरले. जमलेल्या पैशातून प्रोजेक्टरचे भाडे गेले, आणि उरले त्यात ‘जय भीम कॉम्रेड’ची तबकडी मागविली.